झाकण लावून काढलेले फोटो

माझ्या मावशीचा उजवा हात आमच्या भागातल्या कितीतरी लग्नांच्या अल्बममध्ये आहे. मनगटापर्यंतच. अंतरपाट नुकताच खाली गेलेला, नवरा-नवरी समोरासमोर, आणि फोटोच्या कडेने एक सावळा हात आत येऊन हार पुढे करतोय. हातात बांगडी नाही, बोटांच्या टोकांना शेवंतीच्या देठांचा हिरवट डाग. त्या हाताची बाई मात्र फोटोत कुठेच नसते. हार देते आणि दोन पावलं मागे सरकते.

मावशीची फुलशेती आहे, अंजनगावच्या अलीकडे. शेवंती, झेंडू, थोडा निशिगंध. मावसा काविळीने गेले तेव्हा त्यांची मुलगी शाळेत होती. तेव्हापासून मावशी आणि तिचे दीर मिळून वावर पाहतात, आणि आसपासच्या गावांत लग्न असलं की नवरा-नवरीचे हार मावशीच गुंफते. तिच्या हातचा हार सुटत नाही, असं लोक म्हणतात. तिच्या हातून हार घेतात. तिला मात्र कुणी मांडवाच्या मधोमध उभं करत नाही.

तिची मुलगी, माझी ताई, अमरावतीत लग्नांचे फोटो काढते. अल्बम जुळवताना आईचा हात दिसला की ती ओळखते. कधी कधी गिऱ्हाईक म्हणतं, "मॅडम, हा हात कापता येईल का?" ताई सांगते, "हात कापला तर हार हवेत लटकलेला दिसेल." आणि हात ठेवते.

मी पत्रकांवर वाढले. बाबा बडनेऱ्याला रेल्वेत होते. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी पत्रकं: पाण्यासाठी, रेशनसाठी, बुवाबाजीच्या विरोधात. विधवांना हळदी-कुंकवातून, मांडवातून, बारशातून बाजूला काढणाऱ्या चालीरीतींच्या विरोधातही त्यांनी एक लिहिलं होतं. मी जोडाक्षरं शिकले ती ‘धिक्कार’ आणि ‘हक्क’ या शब्दांवरून. वाटून उरलेले गठ्ठे घरात जागा खात, म्हणून आई ते मावशीकडे पाठवायची. मावशी त्या कागदांत फुलांच्या पुड्या बांधायची. बाबांना वाईट वाटायचं नाही. "वाचलं नाही तरी घरोघरी पोचलं तर खरं," म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात ताईचं लग्न ठरलं. मुलगा हिवरखेडचा, शांत, तिच्या कामाचा आदर करणारा. सगळे खूश होते. एका दुपारी तिच्या स्टुडिओत मी तिला फोटो निवडायला मदत करत होते. पडद्यावर कुणाची तरी नवरी आईच्या कपाळाला कपाळ टेकवून उभी होती. ताई त्या फोटोवर थांबली.

"हा मी प्रत्येक लग्नात काढतो," ती म्हणाली. "आई-नवरी. हा नसला तर गिऱ्हाईक पैसे देत नाही. अन् माया लग्नात हा निघणार नाही."

"का नाही निघणार? तिला सांग."

"सांगणं वेगळं अन् होणं वेगळं. कॅमेरा वर गेला की माय गायब. मले आठवते तेव्हापासून आमच्या दोघींचा एकबी फोटो नाही."

मी तापले. रूढी, समाज, मानसिक गुलामगिरी, जे काही मला येत होतं ते सगळं बोलले. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे मले नको सांगू. चल, चिखलदऱ्याले जाऊ. दोन दिवस. लग्नाआधी मले डोंगराचे फोटो काढायचे हाय. मायले बी घेऊन जाऊ."

मावशी यायला तयार झाली त्याचं कारण वेगळंच होतं. आम्ही तंबूत राहणार हे कळल्यावर ती म्हणाली, "दोन पोट्ट्या रानात झोपतीन अन् मी घरात पडून राहू काय?" संक्रांतीनंतर शेवंतीचा भर ओसरला होता, उरलेली तोडणी दिरांवर सोपवली आणि ती गाडीत बसली. सोबत रोडग्यांचं पीठ, वांगी, तुपाची बरणी आणि झेंडूची टोपली. झेंडू कशाला, विचारलं तर म्हणाली, "लोकाच्या दारी रिकाम्या हातानं जातेत का?"

परतवाडा मागे पडलं, घाट सुरू झाला. सागाची पानं वाळून तांबूस झाली होती, खाली धूर तरंगावा तसं धुकं होतं. ताई गाडी चालवता चालवता उजेड मोजत होती. मावशी मागे दाराची कडी घट्ट धरून बसलेली.

वर एका दरीच्या कठड्याशी आम्ही उतरलो. बरीच गर्दी होती. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक कोरकू बाई रस्त्याच्या कडेने चालली होती, आणि एक पाहुणा तिच्यासमोर उलटा चालत तिचे फोटो काढत होता. "इकडे पाहा, हसा, थोडं हसा!" मी मध्ये गेले.

"विचारलंत का त्यांना?"

"अहो, किती छान दिसतंय. बिघडलं काय?"

"चेहरा त्यांचा आहे. तुमच्या भिंतीवर लावायचा तर विचारायला नको?"

तो म्हणाला, तुम्ही कोण. मी म्हटलं, मी कुणीही असेन. बरंच चाललं. लोक जमले. मी गाडीत येऊन बसले तेव्हा माझे कान गरम झाले होते.

"झालं भांडून?" मावशीने विचारलं.

"भांडण नव्हतं. तत्त्वाचा प्रश्न होता."

"असंन. तू तत्त्वाचं बोलत होती तवा थे बाई थांबली का मंग?"

"नाही. गेली ती."

"हं," मावशी म्हणाली. "सरकली." मग गाडी निघाल्यावर, "अन् त्यानं इचारलं असतं तं?"

"तर तिने हो म्हटलं असतं, नाहीतर नाही."

"नाही म्हटलं असतं तं?"

"तर नाही. काढायचा नाही फोटो. विषय संपला."

पुढच्या सीटवरून ताई हळूच म्हणाली, "म्हणजे इचारणं भल्लं जोखमीचं काम हाय." मला तेव्हा कळलं की ताईने आईला कधी विचारलेलंच नाही. नकार आला तर तो कायमचा येईल, ही तिची भीती होती. न विचारता निदान आशा तरी शिल्लक राहत होती.

तंबूची जागा गावाबाहेर पठारावर, एका गवळी कुटुंबाच्या वावरात. बाजूला स्ट्रॉबेरीचे वाफे, पलीकडे उतार आणि मग दरी. मावशीने घरच्या बाईला झेंडू दिले, त्या बाईने आम्हाला गोवऱ्या आणि ताक दिलं. ताई संध्याकाळभर कॅमेरा आणि तिपाई घेऊन कड्याकड्याने फिरली. मी तंबू उभा करायला घेतला तर तो दोनदा माझ्याच अंगावर बसला. मावशी रोडगे थापता थापता म्हणाली, "उलटा हाय वं थो. तुया बाप बी बॅनर असाच उलटा बांधे."

गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे पडले, वांग्याची भाजी शिजायला लागली, आणि मला राहवलं नाही. मी मावशीला म्हटलं, की तू बाजूला होतेस ते चुकीचं आहे. नवरा गेला यात बाईचा काय गुन्हा? शुभ-अशुभ असं काही नसतं. तुझ्या हातचा हार चालतो मग तू का नाही चालत? बाबांच्या पत्रकातली वाक्यंच्या वाक्यं माझ्या तोंडून जात होती. ताई निखाऱ्याकडे पाहत होती.

मावशीने शेवटपर्यंत ऐकलं. "झालं भाषण?"

"भाषण नाही, मावशी. मनापासून..."

"मालूम हाय मले. आता थो रोडगा उलटव, करपून राहिला."

मी उलटवला. तो एका बाजूने काळा झालाच होता. मावशीने तोच फोडून माझ्या ताटात चुरला, वर तुपाची धार सोडली आणि म्हणाली, "खाय. जळकाच चांगला लागते." तो विषय तिथे संपला.

पहाटे मला जाग आली ती ताई तंबूची चेन हळूच उघडत होती म्हणून. मी मागोमाग बाहेर आले. मावशी आधीच उठलेली. फुलं तोडणाऱ्यांची हीच वेळ असते. उजाडायच्या आत डोक्याला बॅटरी बांधून वाफ्यात वाकायचं, तेव्हा कुठे माल वेळेवर बाजारात लागतो. इथे तोडायला काही नव्हतं. ती पठाराच्या कडेला एका दगडावर बसली होती, अंगावर घोंगडी, हातात चहाचा पेला. दरी धुक्याने काठोकाठ भरलेली, त्यातून डोंगरांची फक्त डोकी वर आलेली. पूर्वेची कड तांबडी व्हायला लागली आणि पहिला उजेड तिच्या गालावर पडला. मला फोटोतलं काही कळत नाही, पण हा फोटो मलाही दिसला.

ताई तंबूच्या आडोशाला गुडघ्यावर बसली होती. लांब पल्ल्याची लेन्स लावलेली, डोळा कॅमेऱ्याला. मी पुढे होऊन लेन्सवर हात ठेवला.

"हट वं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "हा उजेड राहत नाही."

"विचार तिला."

"नाही म्हणन ती."

"तर नाही."

"काल त्या माणसासंगं भांडली थे ठीक हाय. ही मायी माय हाय."

"म्हणूनच."

ताईचे डोळे भरून आले. "तुयं काय जाते म्हणायले? तुयी माय सगळ्या फोटोत हाय."

ते खरं होतं. आमच्या घरात पेटीभर फोटो आहेत आणि प्रत्येकात माझी आई आहे, अगदी मोर्चातसुद्धा, झेंडा तिरपा धरून. तरी मी हात काढला नाही. ताई माझा हात ढकलत होती आणि मी तो पुन्हा ठेवत होते. दोघी लहान पोरींसारख्या झटापट करत होतो, आवाज न करता.

"काय खुसुरपुसुर लावली वं तिकडे?" मावशी मान न वळवताच म्हणाली. "इकडे या. सूर्य निघून राहिला. जन्मभर या टायमाले जागी हाय मी, पण सूर्य निघते तवा मायं तोंड मातीकडे असते. हे तं पाह्यलंच नव्हतं."

ताई उठली. कॅमेरा गळ्यात तसाच. ती मावशीसमोर जाऊन उभी राहिली, सूर्याच्या आड.

"माय. तुया फोटो काढू का? तुया-माया. दोघींचा."

मावशीने पेला खाली ठेवला. मला वाटलं आता ती उठेल, चहाची भांडी गोळा करायला लागेल. ती उठली नाही.

"आजवर काहून नाही इचारलं?"

"तू नाही म्हणशीन म्हणून."

मावशी पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग बोलली, आमच्याकडे न बघता, धुक्याकडे बघत. "मले बी कोणं कधी सरक म्हटलं नाही. हे या पोट्टीले सांग, ती लोकाले शिव्या देते. तुया काकाच्या लग्नात तुये बाबा जाऊन सालबी झालं नव्हतं. सगळे फोटोले उभे राह्यले. तुयी आजी मायाकडे पाहून राहिली होती. थे काई म्हणन, त्याच्या आंधीच मी म्हटलं, पाण्याचं पाहून येतो. अन् गेली. तिनं म्हटलं असतं तं जिवाले लागलं असतं. आपणच सरकलं तं काई लागत नाही. मंग तेच पडलं अंगवळणी."

बाबांच्या प्रत्येक पत्रकात कुणीतरी ‘ते’ असतात: रूढी लादणारे, बोट दाखवणारे. मावशीच्या गोष्टीत बोट दाखवणारं कुणी नव्हतं. सासू बघत होती, एवढंच. ती कदाचित बोलावणारही असेल. आता विचारायलाही ती नाही. माझा राग जागच्या जागी होता, पण तो कुणावर काढायचा हे मला तेव्हा सुचेना. अजूनही नीटसं सुचत नाही.

"मंग काढू?" ताईने पुन्हा विचारलं.

"नको," मावशी म्हणाली.

ताईची मान खाली गेली.

"आयकून तं घे पुरतं. इथं नको. इथं कोण हाय? गाय हाय, वासरू हाय. इथं उभं राहणं काय मोठं काम हाय? आज इथं काढशीन, मंग मांडवात माया पाय सरकला की तू म्हणशीन, जाऊ दे, डोंगरावरचा हाय नं आपल्यापाशी. मी बी तेच म्हणन. अन् दोघी चूप बसू." तिने ताईच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याला बोट लावलं. "हिवरखेडवाल्यांसमोर काढ. मांडवात."

"अन् तिथं सरकली तं?"

मावशीने खरंच विचार केला. "सरकन," ती म्हणाली. "पाय आपोआप जाते. त्याचं काई करा लागन."

मग त्या सकाळी, डोंगराचे फोटो काढायला आलेल्या माणसांनी, मावशीची तालीम घेतली. अट तिची एकच होती: फोटो निघाला नाही पाहिजे. ताईने कॅमेरा तिपाईवर बसवला, लेन्सचं झाकण लावून टाकलं आणि टायमर सुरू केला. या कॅमेऱ्याचा लाल दिवा आधी सावकाश लुकलुकतो आणि फोटो निघायच्या जरा आधी भराभर. ताई पळत येऊन आईच्या शेजारी उभी राहिली. दिवा सावकाश होता तोवर मावशी उभी. दिव्याने वेग घेतला आणि मावशी निघाली.

"माय!"

"अवं, चहाची गंजी उलटी पडली होती," पातेलं सरळ करत ती म्हणाली.

पुन्हा. या खेपेला तिला वाटलं मला थंडी वाजतेय, ती मला घोंगडी द्यायला आली. त्यानंतर वाफ्यात बकरी शिरली म्हणून. बकरी खरंच शिरली होती, पण तिला हाकलायला गवळ्यांची बाई समोरच उभी होती, कमरेवर हात ठेवून आमचा तमाशा बघत. ती म्हणाली, "वो बाई, झाकण काढा नं त्याचं!" ताई म्हणाली, "झाकण लावूनच काढायचा हाय." त्या बाईने आमच्याकडे अशी नजर टाकली की मावशीला हसू फुटलं. तोंडावर पदर धरून ती खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ताईही. मीही.

मी म्हटलं, "मी दंड धरून ठेवते तुझा."

"धरू नको. धरून ठेवलं तं उभं राह्यल्यावानी होत नाही, बांधल्यावानी होते." ती उठली, लुगडं झटकलं, ताईशेजारी गेली. मग काय वाटलं कोण जाणे, पदराचं टोक तिने आपणहून ताईच्या मुठीत दिलं. "हे धर. वढू नको. नुसतं धर. मले मालूम पडलं पाह्यजे की कोणी धरलं हाय."

दिवा लुकलुकला, भराभर लुकलुकला, खटका वाजला. मावशी जागची हलली नव्हती. उजेड एव्हाना पांढरा पडला होता, ताईच्या भाषेत वाया गेला होता. तिने कॅमेऱ्यातला फोटो आईला दाखवला. सगळा काळा.

"चांगला आला," मावशी म्हणाली.

लग्न चैत्रात झालं, मावशीच्या गावात, वावरालगतच्या मोकळ्या जागेत. फोटो काढायला ताईची मैत्रीण आली होती. हार अर्थातच मावशीने गुंफले होते. अंतरपाट खाली गेला. मावशीने हार पुढे केला, आधी जावयाला, मग मुलीला. तिचा हात रिकामा झाला. मी समोर बसले होते, नजर तिच्या पायांवर. तिने पदराचं टोक काढलं आणि हिरव्या चुड्याच्या हातात दिलं.

कॅमेरा वर गेला. नवऱ्याकडची एक जाडजूड बाई म्हणाली, "बाई, जरा बाजूले व्हा, नवरा-नवरीचा येऊ द्या."

माझ्या ओठांवर शब्द आले होते. सगळं पत्रकच आलं होतं. पण मावशी आधी बोलली, फार मोठ्याने नाही.

"मी माय हाय तिची."

"अवं, मंग अशा कडेले काहून उभ्या? या नं मधात!" ती बाई म्हणाली, आणि स्वतः बाजूला झाली. मागच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं, हे मी पाहिलं. एका म्हाताऱ्या आत्याने तोंड फिरवलं, तेही पाहिलं. खटका वाजला.

त्या फोटोत ताई आईच्या कपाळाला कपाळ टेकवून उभी आहे. पदर दोघींच्या मध्ये ताणलेला आहे आणि ताईची मूठ इतकी आवळलेली की चुडा वर सरकलाय. नीट पाहिलं तर मावशीची डावी टाच जमिनीवरून उचललेली दिसते. तेवढीच धूसर आलीय. अल्बम जुळवणारा म्हणाला, खालून कापू या, पाय हललाय. ताई म्हणाली, पायाला हात लावायचा नाही.

चिखलदऱ्याचे काळे फोटो तिने पुसलेले नाहीत. कड्यांचे आणि धुक्याचे फोटो पाहता पाहता ते मध्येच येतात, एकामागून एक काळे, आणि पाहणाऱ्याला वाटतं कार्ड खराब झालंय.

अल्बम आला तेव्हा मावशी शेवंतीचे कोंब लावून नुकतीच वावरातून आली होती. हात पुसून ती खाटेवर बसली, आणि त्या पानावर बराच वेळ थांबली. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने फोटोच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं, बरोबर त्या उचललेल्या टाचेशी.

"पोट्टे हो," ती म्हणाली, "एकीच्याबी ध्यानात नाही आलं काय? वावरातली चप्पल घालून उभी हाय मी."